दार कोणते उघडायचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात पाहुणीने मंडळाचे कौतुक करावे आणि चहाची वेळ होण्यापूर्वी खाली बसावे, अशी पद्धत आहे. कौतुक मी मनापासून करते. परंतु चिटणीसबाईंनी मला बोलावताना "मुलींच्या उच्च शिक्षणावर काही कामाचे सांगा" अशी आज्ञा केली होती, आणि सोबत मंडळाच्या विद्यानिधीचे नियमही वाचायला पाठवले होते. त्या नियमांतल्या एका ओळीवरच मी आज बोलणार आहे. ती ओळ अशी, की निधीतून मदत "व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळालेल्या" मुलींनाच द्यावी.

हा नियम ज्या भगिनींनी केला त्यांचा हेतू चांगला होता यात मला तिळमात्र शंका नाही. निधी लहान, मागणाऱ्या मुली पुष्कळ. दिलेला पैसा नोकरीच्या रूपाने लवकर फळाला यावा, असे कोणाही सुगृहिणीला वाटेल. पण या नियमामुळे होते काय, की इतिहास, वाङ्मय, अर्थशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकू पाहणारी मुलगी आपल्या दारातूनच परत जाते. आणि ती हुशार असली तर घरीदारी तिला आणखी एक वाक्य ऐकावे लागते, "एवढे गुण मिळवलेस आणि आर्ट्‌सला जातेस?" जणू काही कला शाखा म्हणजे ज्यांना दुसरीकडे कोठे जागा मिळाली नाही त्यांची धर्मशाळा!

मी बरीच वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. म्हणून आधी थोडा इतिहासच सांगते. मोठ्या विद्यापीठांची दारे सामान्यांना कशी उघडली, आणि उघडल्यावर आत काय शिकायला मिळाले, हे पाहिले म्हणजे आपल्या नियमाचे काय करावे ते आपोआप कळेल.

आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेली एक मुलगी, कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती शिकली. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. परीक्षेत ती अशी चमकली, की त्या यशाबद्दल विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. कारण एकच, ती स्त्री होती. मग काही दिवस तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवले. पुढे इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, वर्गणी जमवली, आणि १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. १८९२ साली ती तेथील कायद्याच्या पदवीपरीक्षेला बसली. स्त्रीला या परीक्षेस बसू द्यावे यासाठी विद्यापीठाच्या सभेला खास ठराव करावा लागला. ती उत्तीर्ण झाली, पण पदवी मात्र मिळाली नाही. कारण ऑक्सफर्ड १९२० सालापर्यंत स्त्रियांना पदव्याच देत नसे. कॉर्नेलियाच्या हाती पदवी आली ती १९२२ साली. परीक्षा दिल्यावर तीस वर्षांनी!

केंब्रिजची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. तेथे मुलींसाठी गर्टन कॉलेज १८६९ साली निघाले. परंतु स्त्रियांना पदवी द्यावी हा प्रस्ताव १८९७ साली आला, तेव्हा प्रचंड बहुमताने तो फेटाळला गेला. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगून आनंद साजरा केला. पुरुषांच्या बरोबरीने पदवी मिळायला केंब्रिजच्या मुलींना १९४८ साल उजाडावे लागले. म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला, आणि त्यानंतर केंब्रिजच्या मुली पदवीधर झाल्या.

आता या दारांना कुलपे तरी कोणकोणती होती ते पाहा. एक कुलूप धर्माचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या सरकारी चर्चची तत्त्वे मान्य असल्याशिवाय ऑक्सफर्डची पदवी मिळत नसे. १८७१ च्या कायद्याने ही अट बहुतांशी गेली. दुसरे कुलूप स्त्रीपणाचे, ते आपण पाहिलेच. तिसरे कुलूप पैशाचे. आणि चौथे कुलूप कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे ग्रीक भाषेचे. केंब्रिजने १९१९ पर्यंत आणि ऑक्सफर्डने १९२० पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला ग्रीक सक्तीचे ठेवले होते. वरवर पाहता यात वाईट काय? विद्येचीच अट ती! पण ग्रीक शिकवणाऱ्या शाळा बहुधा भारी फीच्या. खाणकामगाराच्या मुलाने ग्रीक शिकावे कोठे? तेव्हा "तू गरीब आहेस म्हणून नको" असे तोंडाने न म्हणताही त्याला बाहेर ठेवता येत होते. विद्येचीसुद्धा भिंत करता येते, भगिनींनो, आणि ती दगडी भिंतीहून पक्की असते.

म्हणजे त्या काळी वाङ्मय आणि तत्त्वज्ञान ही श्रीमंतांची मिरास होती. ज्याला पोटाची चिंता नाही त्याने ते शिकावे, आणि मग राज्यकारभार करावा, न्यायासनावर बसावे, वृत्तपत्रे चालवावीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत त्याचे उत्तर आहे.

ती गोष्ट तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहे, पण मी ती जरा वेगळ्या बाजूने सांगते. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. शिष्यवृत्ती मिळाली हे आपण नेहमी सांगतो. पण त्या पैशावर ते शिकले काय? अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन. यांतले बहुतेक विषय आपल्या महाविद्यालयांत आजही कला शाखेतच शिकवले जातात. ज्या विषयांना आपण "नुसते आर्ट्‌स" म्हणतो, तेच हे विषय.

मे १९१६ मध्ये, विद्यार्थिदशेतच, त्यांनी तेथील मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. जात कशी निर्माण झाली, ती टिकून कशी राहते, याचा त्यात शोध होता. स्त्रीला जातीच्या चौकटीत बांधून ठेवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी कशा उपयोगी पडल्या, याचाही त्यात विचार होता. आपल्यासारख्या स्त्रियांच्या मंडळाने तर तो अवश्य वाचायला हवा. या निबंधाने त्या दिवशी कोणाचे पोट भरले नाही. पण ज्या माणसाने पुढे या देशाची घटना लिहिण्याच्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले, त्याची बुद्धी याच अभ्यासाच्या सहाणेवर घासली गेली. जे शतकानुशतके सोसले, ते कशामुळे सोसावे लागले हे शब्दांत मांडण्याची शक्ती त्यांना या विद्येने दिली. दुसऱ्याने आपल्याविषयी लिहावे आणि आपण ऐकावे, हा काळ त्या दिवशी संपला.

परत आल्यावर त्यांनी काय केले तेही पाहा. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय. नुसत्या कारागिरीच्या शाळा काढून ते थांबले नाहीत. ज्या घरांत कधी पाटी आली नव्हती, त्या घरांतल्या मुलांसाठी त्यांनी इतिहास, वाङ्मय, अर्थशास्त्र आणि विज्ञान यांचीही दारे उघडली.

आता आजच्या काळाकडे वळू. दारे पूर्वीपेक्षा पुष्कळ उघडी आहेत, यात संशय नाही. इंग्लंडात शंभरातली सात-एक मुलेच खासगी शाळांत शिकतात. ऑक्सफर्डमध्ये मात्र अलीकडच्या वर्षांतही त्या देशातून आलेल्या नव्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सरकारी शाळांतले असतात, म्हणजे उरलेल्या एक-तृतीयांश जागा त्या मूठभर मुलांकडे जातात. परंतु एके काळी हे प्रमाण याहूनही विषम होते. २०२३ सालापासून ऑक्सफर्डने अडचणीतून वर आलेल्या मुलांसाठी पूर्वतयारीचे एक वर्ष सुरू केले. त्याचा खर्च विद्यापीठच करते, आणि त्या वर्षात विज्ञान आणि कायद्याबरोबर मानव्यविद्याही शिकता येते. हे मला फार महत्त्वाचे वाटते. गरिबाच्या मुलाला आत घेतले, आणि त्याला जे शिकावेसे वाटते तेही शिकू दिले.

पण सगळीकडे असे घडत नाही. २०१२ साली इंग्लंडात विद्यापीठांची कमाल फी वर्षाला ९,००० पौंड झाली. त्याच वेळी कला आणि मानव्यविद्या शिकवण्यासाठी सरकारकडून मिळणारे अनुदान बंद झाले. ऑक्सफर्ड-केंब्रिजला अशा वेळी गंगाजळी असते, नाव असते, ती तरून जातात. पण २०२२ साली शेफील्ड हॅलम या विद्यापीठाने इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र पदवी थांबवण्याचा निर्णय घेतला. ज्या विद्यापीठांत साध्या घरांतली मुले आपल्याच गावातून ये-जा करून शिकतात, त्यांपैकीच ते एक. म्हणजे शेक्सपिअर राहील, पण बड्या घरी राहील.

आणि आपल्याकडे? अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांना परदेशी विद्यापीठांत पाठवण्यासाठी केंद्र सरकारची जुनी शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्या नियमावलीत एक कलम आले, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. त्याचे कारण असे सांगण्यात आले, की हे विषय शिकण्याची सोय देशातच चांगली आहे, तेव्हा तो पैसा इतर विषयांकडे वळवावा. कारण वरवर पटण्यासारखे आहे. पण क्षणभर विचार करा. १९१३ साली सयाजीरावांनी हेच कलम घातले असते, तर १९१६ चा तो निबंध शिष्यवृत्तीच्या पैशावर लिहिला गेला असता काय?

पूर्वी म्हणत, "तुला ग्रीक येत नाही, म्हणून आत येऊ नकोस." आता म्हणतात, "आत ये, पण तत्त्वज्ञानाच्या वर्गाकडे फिरकू नकोस, तो तुला परवडणारा नाही." कुलूप बदलले, भगिनींनो. बाहेरच्या दाराचे काढले आणि आतल्या दालनाला लावले. आणि माफ करा, पण आपल्या विद्यानिधीतली ती एक ओळ याच जातीचे कुलूप आहे. लहान आहे, चांगल्या हेतूने लावलेले आहे, पण कुलूपच आहे.

आता तुमच्या मनात जे आले असेल ते मी ओळखते. "बाई, हे सगळे खरे, पण आधी पोटोबा मग विठोबा." ज्या घरात वडिलांचा पगार महिनाअखेर पुरत नाही, तेथे मुलीने तत्त्वज्ञान शिकून करायचे काय? हा प्रश्न खोटा नाही, आणि मी तो उडवून लावणार नाही. कला शाखेच्या पदवीधराला पहिली नोकरी मिळायला बहुधा जास्त वेळ लागतो आणि पहिला पगार बहुधा कमी असतो, हे कबूल केले पाहिजे. कशीबशी नोट्‌स पाठ करून मिळवलेल्या बी. ए.ला बाजारात किंमत नाही, हेही खरे आहे. ज्या मुलीला यंत्रांची, औषधांची किंवा हिशेबाची मनापासून आवड आहे, तिने तिकडेच जावे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींना, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, ही फार आनंदाची गोष्ट आहे. त्या सवलतीचा लाभ प्रत्येक पात्र मुलीने घ्यावा.

माझे म्हणणे एवढेच, की ज्या मुलीचा कल दुसरीकडे आहे तिला फी माफ आहे म्हणून ओढून नेऊ नये. मन नसलेल्या विषयात चार वर्षे घालवून हाती आलेली पदवीही पोट भरतेच असे नाही. उलट कला शाखेची पदवी नेटाने घेतली, तर तिच्यापुढचे रस्ते आपण समजतो तितके बंद नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि त्या परीक्षेत इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था आणि निबंध यांना मोठे स्थान आहे. कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यास करता येतो. शिक्षकी, समाजकार्य, वृत्तपत्रे, भाषांतर, ग्रंथालये ही क्षेत्रे आहेतच.

पण नोकरीपलीकडेही या विद्येचा एक रोकडा उपयोग आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला आम्ही पहिल्या दिवशी काय शिकवतो? हाती आलेला कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि त्यात काय लिहिलेले नाही, हे आधी विचारायचे. ही सवय ज्या घरात आली, त्या घरातली बाई न वाचता सही करत नाही. कॉर्नेलिया सोराबजींचेच पाहा. १९०४ पासून त्या बंगालमध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी सरकारी सल्लागार म्हणून काम करू लागल्या. जमीनजुमला असलेल्या त्या विधवा, पण पडद्याबाहेर येता येत नाही, आणि पुरुष वकिलाशी बोलता येत नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, ते नीट समजणे आणि दरबारी भाषेत मांडणे, हे त्यांचे काम. कायदा तर हवाच होता. पण माणसाचे बोलणे समजून ते दुसऱ्याला पटेल असे लिहायचे, ही मूळची वाङ्मयाची शिकवण.

आणि आपण काय केवळ कमावणाऱ्या मुली तयार करणार आहोत? उद्या कायदे कोणी करायचे, पाठ्यपुस्तके कोणी लिहायची, आपल्या वस्तीचा, आपल्या आज्यांचा इतिहास कोणी सांगायचा? हे विषय फक्त खात्यापित्या घरांतल्या मुलांनी शिकले, तर आपली गोष्टही तेच सांगतील, आणि आपल्या मुली ती ऐकून घेतील. १९१६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी तो निबंध वाचला त्याच वर्षी, महर्षी कर्वे यांनी पुण्याजवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ सुरू केले, आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. त्या मंडळींनी मुलींच्या बुद्धीवर भरवसा टाकला, म्हणून आज मी येथे उभी राहून बोलते आहे.

तेव्हा मंडळाला माझ्या चार विनंत्या आहेत, आणि त्यांतल्या तिन्हींना फारसा पैसा लागत नाही.

पहिली. मंडळाच्या फलकावर शिष्यवृत्त्यांच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या तारखा लावण्याचे काम एका भगिनीने अंगावर घ्यावे. कित्येक मुली बुद्धीत कमी पडत नाहीत, त्या तारखेत कमी पडतात. दिल्ली विद्यापीठासारख्या नामांकित केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून पदवीचा प्रवेश एका सामायिक परीक्षेतून होऊ लागला, आणि ती परीक्षा मराठीतूनही देता येते, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

दुसरी. मराठी शाळेतल्या मुलीला पुढे शिकताना इंग्रजीची भीती वाटते. विद्येत ती कोणाहून उणी नसते, फक्त सवय नसते. आठवड्यातून दोन संध्याकाळी मंडळाच्या खोलीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत चार ओळी लिहाव्यात. आपल्यात निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी पुढे यावे.

तिसरी. मुलगी जेव्हा "मला इतिहास शिकायचा आहे" म्हणते, तेव्हा "का?" असे अवश्य विचारा, पण उत्तर ऐकण्यासाठी विचारा. तिला उत्तर देता आले, तर तिच्या आईवडिलांची समजूत घालायला आपल्यातल्या दोघीजणींनी घरी जावे. लग्नाच्या बोलण्याला आपण जातो, मग या बोलण्याला का जाऊ नये?

चौथी विनंती विद्यानिधीची. येत्या सर्वसाधारण सभेत त्या नियमातला "व्यावसायिक" हा शब्द गाळावा, आणि त्या जागी "मुलीची तयारी व घरची गरज पाहून" एवढे शब्द घालावेत, असे मी सुचवते. कोणाला किती द्यायचे हे तुमची समिती ठरवीलच. कदाचित पुढच्या वर्षीही निधीतला बहुतेक पैसा परिचारिका आणि अभियंत्या होणाऱ्या मुलींनाच जाईल, आणि त्यात काही वावगे नाही. पण अर्थशास्त्र शिकू पाहणारी एखादी मुलगी आपल्या दाराशी आली, तर ती नियम वाचून मागे फिरू नये. तिचा अर्ज निदान उघडला जावा.

आपल्या मंडळाने आजवर पुष्कळ दारे उघडली आहेत. हे एक अजून अर्धे लोटलेले आहे, ते पूर्ण उघडावे, अशी इच्छा व्यक्त करून आणि मंडळाला दीर्घायुष्य चिंतून मी आपली रजा घेते.